गाडीवर बसवलेल्या जड बंदुकीचा रिकॉइल नियमात कसा मोजायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते वाचणाऱ्याला कळेल. तुम्ही शॅडोरन या टेबलावर फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या चौथ्या आवृत्तीवर मोहीम चालवता. खेळाडूंनी पिकअपच्या हौद्यात खुंटीवर हेवी मशीनगन बसवली आहे. पुलावरून पळताना बाजूने आलेल्या गाडीवर गनरने फुल बर्स्ट सोडला आणि टेबलावर वाद पेटला. खेळाडूचं म्हणणं, बंदूक गाडीला बोल्टने आवळली आहे, म्हणून रिकॉइल, म्हणजे गोळी सुटताना बसणारा उलटा धक्का, शून्य. तुमचं म्हणणं, पुस्तकात फुल बर्स्टला उणे 9, म्हणजे गनरचे नऊ फासे कमी, असं आहे आणि जड शस्त्राला न शोषलेला रिकॉइल दुप्पट, म्हणून उणे 18. दोघांनाही आपलं बरोबर वाटतं आणि सत्र तिथेच अडकलं आहे.

मी सतरा वर्षं जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून टेबल चालवतोय आणि पोटापाण्यासाठी गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या दोन्ही घरचा आहे. माझं मत सरळ सांगतो: शून्यही चूक आणि 18 ही चूक. बंदूक गाडीवर चढवली की धक्का नाहीसा होत नाही, तो मालक बदलतो. गनरच्या खांद्यावरून निघून तो गाडीच्या सांगाड्यावर जातो, तिथून पाट्यांवर, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर, तिथून टायरवर आणि शेवटी ड्रायव्हरच्या हातातल्या स्टीअरिंगवर. नियमाने हा प्रवास दाखवला पाहिजे. गनरची ताकद किती हा प्रश्न गाडीवर गैरलागू होतो. गाडी किती जड, नळी कोणत्या दिशेला आणि चालवतंय कोण, हे तीन प्रश्न लागू होतात.

आधी आकडे. चौथ्या आवृत्तीत फुल बर्स्ट म्हणजे दहा गोळ्या. पहिली गोळी फुकट, उरलेल्या नऊंचा एकेक, म्हणून उणे 9. बायपॉड, म्हणजे दोन पायांचा आधार, त्यातले 2 खातो, तीन पायांचा ट्रायपॉड 6. शस्त्र जड असेल तर जे उरेल ते दुप्पट. म्हणजे ट्रायपॉडवरच्या हेवी मशीनगनला 9 वजा 6, उरले 3, दुप्पट करून 6. हातात धरून मारलं तर 18. त्या खेळात पाच किंवा सहा पडला की यश, म्हणजे सरासरीने तीन फाशांमागे एक यश. उणे 18 म्हणजे सहा यशं गेली. मुरलेल्या गनरचाही डाइस पूल, म्हणजे टाकायला मिळणारे फासे, तिथे संपतो.

ही दुप्पट मुळात कशासाठी आहे, ते बघा. चाळीस किलोच्या आसपासची बंदूक कमरेला लावून कुणी रस्त्यात उभं राहू नये, यासाठी. त्या खेळात हातातल्या जड शस्त्राचं कौशल्य वेगळं आहे आणि वाहनावरच्या शस्त्राचं, म्हणजे गनरीचं, वेगळं. कौशल्यच वेगळं केलंय तर हातात धरणाऱ्याची शिक्षा माउंटवरच्या, म्हणजे गाडीला जोडलेल्या बैठकीवरच्या, गनरला लावायचं कारण मला दिसत नाही. म्हणून माझ्या टेबलावर माउंट आला की दुप्पट बंद. तुमच्या खेळाडूला इथे अर्धा न्याय मिळतो.

पण पूर्ण माफी देऊ नका. फुल बर्स्टचे फायदे डोळ्यांपुढे ठेवा. अरुंद बर्स्ट मारला तर नुकसानात 9 ची भर, रुंद मारला तर समोरच्याच्या बचावाचे 9 फासे कमी. रिकॉइलचा उणे 9 ही त्या फायद्याची किंमत आहे. किंमत शून्य केलीत की गनर दर वेळी फुल बर्स्टच मारणार, दुसरं काही करण्याला अर्थच उरणार नाही. मी एकदा अशी माफी दिली होती. तीन सत्रांत त्या मोहिमेतली प्रत्येक लढाई ‘गाडी जवळ आणा’ या एका वाक्यावर आली. छतावरून नेम धरणारी, अंधारात सरपटत जाणारी पात्रं नुसती बसून राहायला लागली.

आता खरी बंदूक काय करते ते बघू, कारण तिथूनच नियमाचे आकडे सुचतात. 12.7 मिमीची ब्राउनिंग एम2 घ्या. बंदूक साधारण 38 किलोची. गोळी 43 ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला 890 मीटर. गोळीचा संवेग झाला 38 न्यूटन-सेकंद. तिच्यामागून सुटणाऱ्या वायूंचा आणखी वीसेक. मिळून 60 धरू. ऐंशी किलोच्या माणसाने ती हातात धरली आहे असं समजलं तर एका गोळीने माणूस आणि बंदूक मिळून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने मागे ढकलले जातात. अडीच टनांच्या पिकअपला तीच गोळी सेकंदाला जेमतेम अडीच सेंटीमीटरचा वेग देते. वीसपटीहून जास्त फरक. ही बंदूक मिनिटाला 450 ते 600 गोळ्या सोडते, म्हणजे सतत मारा चालू असताना गाडीवर सरासरी पन्नास-साठ किलोचा रेटा पडतो. डांबरी रस्त्यावर, गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक खाली असेल तर एवढ्यावर गाडी हळूहळू मागे सरकूही शकते. ब्रेक लागलेला असेल तर ढकलण्याच्या हिशेबात विषय संपला.

मग तुमचा खेळाडू बरोबर नाही का? नाही, कारण नेम बिघडतो तो ढकलण्याने नाही, डुलण्याने. गाडी पाट्यांवर आणि टायरवर तरंगत असते. बंदूक हौद्यात उंच उभी, म्हणजे प्रत्येक गोळी गाडीला वरच्या टोकाला धरून हलवते. गाडी पाव अंश कलली तर 500 मीटरवर गोळी दोन मीटरहून जास्त सरकते. पाव अंश म्हणजे हौद्याच्या एका कडेला एखादा माणूस चढला तर होतं तेवढं. त्यातून मारा जर सस्पेन्शनच्या स्वतःच्या लयीशी जुळला, म्हणजे छोटे छोटे बर्स्ट एका तालात पडत राहिले, तर डुलणं वाढत जातं. झोपाळ्याला वेळेवर हात लावला की तो जसा चढत जातो, तसं. मशीनगन जमिनीवर ट्रायपॉडवर ठेवली तर पाय मातीत रुततात आणि हे डुलणं नसतं. म्हणून नेमाच्या बाबतीत जमिनीवरचा ट्रायपॉड हलक्या गाडीच्या हौद्यापेक्षा चांगला, वजन कितीतरी कमी असूनही. कोणत्याही घरच्या नियमात मी हे आधी तपासतो: ट्रायपॉडला 6 आणि साध्या पिकअपला त्याहून जास्त सूट मिळत असेल, तर आकडे चुकले आहेत.

जड वाहनाचं मात्र खरंच वेगळं असतं. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजवर रणगाड्यांचा मारा पाहायची संधी मला एकदा मिळाली. आवाज छातीत बसतो, पण माझी नजर चाकांवर होती. तोफ सुटली, अख्खं धूड मागच्या चाकांवर किंचित बसलं, पुढे आलं आणि दोन हेलकाव्यांत स्थिर झालं. घरी येऊन मी ढोबळ हिशेब केला: 120 मिमीची तोफ रणगाडाभेदी बाण सोडते तेव्हा 60 टनी रणगाड्याला ताशी दीड किलोमीटरच्या आसपास वेग मिळायला हवा. तो धक्का एका क्षणात लागला तर बुरुजाचे सांधे टिकणार नाहीत. म्हणून नळी पाळण्यात मागे सरकते आणि तेल व वायूचे सिलिंडर तो धक्का लांबवतात. ही युक्ती जुनी आहे. फ्रेंचांच्या 1897 च्या 75 मिमी तोफेने ती जगाला दाखवली. नळी मागे जाऊन परत जागेवर येते आणि गाडा जागचा हलत नाही, त्यामुळे मिनिटाला पंधरापर्यंत गोळे मारता आले. आधीच्या तोफा दर गोळ्यामागे मागे घसरायच्या आणि त्यांना ढकलून पुन्हा नेम धरावा लागायचा. टेबलावर याचा अर्थ असा: ज्या माउंटला असा पाळणा आहे त्याला वेगळी सूट द्या, आणि खुंटीवर नुसती अडकवलेल्या बंदुकीला ती देऊ नका.

हलकी गाडी आणि फार मोठं शस्त्र एकत्र आलं की काय होतं? 1987 मध्ये चाडच्या सैन्याने टोयोटा पिकअपवर शस्त्रं लादून लिबियाच्या रणगाड्यांना पळवून लावलं, त्या युद्धाला टोयोटा युद्ध असंच नाव पडलं. पुढच्या काळात अशा पिकअपवर सोव्हिएत बनावटीची जोडनळीची 23 मिमी झेडयू-23-2 ही विमानविरोधी तोफ चढवायची पद्धत अनेक देशांत दिसते. एकटी तोफ साडेनऊशे किलोची. दोन्ही नळ्या एकदम चालल्या की मिनिटाला 1,600 ते 2,000 गोळ्यांचा वेग. माझ्या हिशेबाने तेव्हा सरासरी रेटा 850 किलोच्या घरात जातो. गाडी, तोफ, माणसं, दारूगोळा मिळून 3,200 किलो धरा आणि तोफेची उंची जमिनीपासून 1.8 मीटर. आडवा मारा केला तर उलटवणारं बळ 850 गुणिले 1.8, म्हणजे 1,530. गाडीला धरून ठेवणारं 3,200 गुणिले चाकांमधलं अर्धं अंतर 0.75, म्हणजे 2,400. उलटण्याच्या वाटेवर गाडी जवळजवळ दोन-तृतीयांश अंतर गेलेली असते, आणि हे सपाट जमिनीवर, उभ्या गाडीत. वळणावर किंवा उतारावर उरलेलं एक-तृतीयांश कधी संपेल सांगता येत नाही. पुढे किंवा मागे मारा केला तर गाडीची लांबी आधाराला येते आणि ही भीती जवळपास जाते. म्हणूनच दिशा हा मला नियमातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो, आणि बहुतेक टेबलांवर तोच विसरला जातो.

दिशेचं महत्त्व विमान बनवणाऱ्यांनीही ओळखलं आहे. ए-10 या अमेरिकी विमानाच्या नाकात 30 मिमीची सात नळ्यांची तोफ आहे, मिनिटाला 3,900 गोळ्या. तिचा सरासरी धक्का सुमारे 45 किलोन्यूटन, म्हणजे विमानाच्या दोन इंजिनांपैकी एकाच्या जोरापेक्षा जास्त. सात नळ्यांतली जी नळी त्या क्षणी गोळी सोडते ती बरोबर विमानाच्या मध्यरेषेवर यावी म्हणून अख्खी तोफ बाजूला सरकवून बसवली आहे, आणि त्यासाठी पुढचं चाकही उजवीकडे ढकललं आहे. धक्का मध्यरेषेतून गेला की विमानाचा वेग थोडा कमी होतो, एवढंच. मध्यरेषा चुकली असती तर प्रत्येक माऱ्याला नाक फिरलं असतं.

इतर खेळांनी हा प्रश्न कसा सोडवला, तेही बघा. मला सर्वांत पटतो तो गर्प्सचा विचार. 2004 च्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक शस्त्राला रिकॉइलचा एक आकडा आहे, आणि तो नेमातून वजा होत नाही. तुम्ही किती फरकाने यशस्वी झालात ते बघायचं, आणि त्या फरकात रिकॉइलचा आकडा जितक्या वेळा पूर्ण बसेल तितक्या जादा गोळ्या लागल्या. रिकॉइल 2 असेल आणि तुम्ही 4 ने यशस्वी झालात तर पहिली एक आणि वरच्या दोन, एकूण तीन. म्हणजे पहिल्या गोळीला रिकॉइल शिवत नाही, पुढच्यांना शिवतो. खरी बंदूकही अशीच वागते: पहिली गोळी नळीबाहेर पडल्यावरच नेम ढळतो. त्याच खेळात माउंटवरच्या शस्त्रांच्या ताकदीच्या आकड्यापुढे एक खूण असते. शस्त्र त्याच्या माउंटवर असेल तर लागणारी ताकद आणि बोजडपणा दोन्ही विसरायचे, रिकॉइल मात्र तसाच राहतो. तुमच्या वादाचं उत्तर त्या एका खुणेत आहे: माउंट गनरचे कष्ट वाचवतो, पण धक्का मिटवत नाही.

ट्वायलाइट 2000 च्या 1990 च्या दुसऱ्या आवृत्तीत एका गोळीचा आणि बर्स्टचा धक्का वेगवेगळा देऊन पात्राच्या ताकदीशी तोलायचा असतो, आणि मशीनगनला ट्रायपॉडसाठी आकड्यांची वेगळी ओळ दिलेली असते. मोजायला नेमकं, पण लढाई लांबते. ट्रॅव्हलरच्या मोंगूस आवृत्तीत भारशून्य जागी गोळी झाडली की तोल सांभाळण्याची वेगळी चाचणी लागते, आणि काही शस्त्रांना त्यातून सूट आहे. धक्का शेवटी कुठे तरी जायलाच हवा, जमीन नसेल तर तो तुम्हालाच घेऊन जातो, हे तिथे फार सुंदर दिसतं.

आणखी दोन खेळांनी मला वेगळी वाट दाखवली. रिफ्ट्समधलं ग्लिटर बॉय हे यंत्रकवच आपली प्रचंड तोफ सोडण्याआधी पायांतले खांब जमिनीत रोवतं आणि पाठीवरची इंजिनं पुढे रेटा देतात. रोवलं नाही तर ते स्वतःच मागे फेकलं जातं. बॅटलटेकमध्ये हेवी गाउस रायफल बसवलेलं यंत्र त्या फेरीत चाललं असेल आणि त्याने ती झाडली, तर पायलटला तोल सांभाळायची चाचणी द्यावी लागते, चुकली की यंत्र आडवं. हलक्या यंत्राला ही चाचणी कठीण, जड यंत्राला सोपी. दोन्हीकडे नेमाला काही दंड नाही. किंमत आहे जागेची आणि तोलाची. एकेक गोळा सोडणाऱ्या मोठ्या शस्त्राला हीच किंमत शोभते. गोळा नळीतून गेल्यावर गाडी हलली तर तो गोळा का चुकावा?

हे सगळं पचवून माझ्या टेबलावर आज जो नियम चालतो तो सांगतो. चौथ्या आवृत्तीसाठीच केला आहे, तुम्हाला जसाच्या तसा वापरता येईल.

माउंटवर दुप्पट नाही. गाडीच्या बॉडी या गुणाचा अर्धा भाग रिकॉइल शोषतो, अपूर्णांक सोडून द्यायचा. मोटारीचा बॉडी 10 असेल तर 5, मोठ्या ट्रकचा 16 असेल तर 8. शस्त्राची स्वतःची सूट असेल तर ती मिळवायची. बंद बुरूज किंवा धक्का गिळणारा पाळणा असेल तर आणखी 2. मारा आडवा असेल, म्हणजे नळी गाडीच्या लांबीला साधारण काटकोनात असेल, तर 2 वजा. दुचाकीला आडव्या माऱ्यासाठी 4 वजा आणि शिवाय चालवणाऱ्याची तोल सांभाळायची चाचणी, तीही लगेच. गाडी पूर्ण उभी असेल आणि जॅक किंवा आधाराचे पाय खाली टेकवलेले असतील तर दिशा विसरा आणि 2 मिळवा. उरलेला रिकॉइल गनरच्या फाशांतून जातो.

याच्यापुढचा भाग माझ्या जिव्हाळ्याचा आहे. उरलेल्या रिकॉइलपैकी 3 पर्यंत ड्रायव्हर स्वतःच्या अंगावर घेऊ शकतो. जितके घेईल तितके गनरचे कमी होतात, आणि ड्रायव्हरच्या पुढच्या वाहन चाचणीतून तितकेच फासे जातात. कथेत याचा अर्थ असा की गनर मारत असताना ड्रायव्हरने गाडी सरळ आणि एकसारख्या वेगात धरून ठेवली, खड्डा चुकवला नाही, वळण लांबवलं. हे घोषित करायचं ते गनरने फासे टाकायच्या आधी.

हा भाग मी आणला तेव्हा आमच्या टेबलावर ड्रायव्हरचं पात्र खेळणारी मुलगी कायम मोबाइल बघत बसायची. दोष तिचा नव्हता. पाठलागात एक चाचणी झाली की वीस मिनिटं तिला काम नसायचं. नियम लागू झाल्यावर पहिल्याच पाठलागात गनरने वळून तिला विचारलं, “किती घेतेस?” ती म्हणाली, “पुढे वळण आहे, एकच घेते.” त्याने फुल बर्स्टऐवजी छोटा बर्स्ट मारला. त्या एका प्रश्नोत्तरानंतर माझ्या टेबलावरची गाडी खऱ्या अर्थाने दोघांची झाली. रिकॉइलच्या नियमाकडून मला एवढंच हवं होतं.

एका वेळी एकच गोळा सोडणाऱ्या तोफेला मी रिकॉइलचा दंड लावत नाही. त्याऐवजी पुढचा गोळा सोडण्याआधी गनरला एक साधी कृती नेम परत धरण्यात घालवावी लागते. वाहन रणगाड्याच्या जातीचं असेल तर ही अटही नाही. गाडी चालती असेल आणि तोफ तिच्यासाठी उघडच मोठी असेल, तर ड्रायव्हरची चाचणी. उघडच मोठी म्हणजे किती, याचा तक्ता मी करत नाही. टेबलावरच्या सगळ्यांना चित्र डोळ्यांपुढे आणायला सांगतो आणि बहुधा एकमत होतं.

ड्रोनकडे मात्र बारकाईने बघा, शॅडोरनमध्ये ती पावलोपावली असतात. दहा किलोचं उडतं ड्रोन आणि त्यावर सात किलोची 5.56 मिमी मशीनगन घ्या. एका गोळीचा धक्का सहा न्यूटन-सेकंदांच्या आसपास, म्हणजे 17 किलोच्या त्या जोडीला सेकंदाला साधारण 34 सेंटीमीटर. दहा गोळ्यांत ताशी 12 किलोमीटर वेगाने ते मागे निघालेलं असतं, आणि पायाखाली जमीन नाही. बॉडीचा अर्धा हा नियम इथे फार उदार होतो. उडत्या आणि हवेवर तरंगणाऱ्या वाहनांना मी बॉडीचा चौथा भाग देतो, आणि फुल बर्स्टनंतर ड्रोन एक टप्पा मागे सरकतं. जमिनीवर रांगणाऱ्या ड्रोनला नेहमीचा नियम. रिगर, म्हणजे ड्रोन आणि गाड्या दुरून चालवणारं पात्र, एकटाच चालवत आणि मारत असेल तर ड्रायव्हरचा वाटा तो स्वतःच स्वतःला देतो, म्हणजे किंमत आत्ता मोजायची की पुढच्या वळणावर, हे त्याने ठरवायचं.

रिकॉइललेस तोफेचा विषय तुमचा खेळाडू आज ना उद्या काढेलच. 1965 च्या युद्धात खेमकरण भागात 4 ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या 106 मिमी रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे फोडले, तिथेच त्यांना वीरमरण आलं आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. दोनशे किलोंच्या घरातली ती तोफ एका साध्या जीपवर चालते, कारण गोळा पुढे जाताना तितकाच संवेग वायूंच्या झोताने मागे जातो. जीपला जवळपास काही जाणवत नाही. पण त्या झोताची किंमत मोठी आहे. मागे माणूस उभा असेल तर तो जगत नाही, मागे भिंत असेल तर झोत उलटून अंगावर येतो, आणि उडालेली धूळ शत्रूला जागा दाखवते. हमीद यांच्यासारख्या तोफचीला गोळा सोडून लगेच जागा बदलावी लागे, त्यामागे हेच कारण होतं. टेबलावर म्हणून रिकॉइल शून्य, तोफेमागे त्रिकोणी धोक्याचा पट्टा, बंद हौद्यातून किंवा बोगद्यातून मारायला मनाई, आणि गोळा सुटल्यावर लपण्याचा फायदा गेला. हे शस्त्र देताना हात आखडता घेऊ नका. शून्य रिकॉइल हवाच असेल तर तो मिळवण्याची ही प्रामाणिक वाट आहे.

काही गोष्टी मी करून सोडल्या, त्या तुम्ही करू नका. वेगाप्रमाणे रिकॉइल वाढवणं हा एक प्रकार. वेगाने नेम बिघडतो हे खरं, पण त्यासाठी चालत्या गाडीतून मारण्याचा दंड आधीच आहे आणि एकाच कारणासाठी दोनदा फासे जातात. गाडीतल्या माणसांचं आणि सामानाचं वजन मोजणं हा दुसरा. एका संध्याकाळी आम्ही पाऊण तास कॅल्क्युलेटर घेऊन बसलो आणि निकालात एकाच फाशाचा फरक पडला.

आता तुमचा तो पूल. पिकअपचा बॉडी 12 धरतो, म्हणजे 6. खुंटीवरचा माउंट, पाळणा नाही, म्हणून भर नाही. मारा आडवा, 2 वजा, राहिले 4. फुल बर्स्ट 9, त्यातून 4 गेले, उरले 5. ड्रायव्हरने तिन्ही घेतले तर गनरला उणे 2, पण पुलाच्या टोकाचं वळण ड्रायव्हरला तीन फासे कमी घेऊन मारावं लागेल. काहीच घेतलं नाही तर गनरला उणे 5. आणि गनर थांबून, ड्रायव्हरला गाडी पुढे काढू देऊन, पाठलाग करणारा बरोबर मागे आल्यावर मारणार असेल, तर शोषण 6, उरलेला रिकॉइल 3, आणि तो सगळा ड्रायव्हर घेऊ शकतो. सत्र जिथे थांबलं तिथून सुरू करा, हे तीन पर्याय दोघांपुढे ठेवा आणि फासे टाकण्याआधी त्यांना आपसात बोलू द्या.